मागून येणारी गाडी

डोंबिवली, ६ ऑगस्ट २०२५

चि. क्षिप्रा हिस अनेक आशीर्वाद.

आम्ही दोघं खुशाल. फोनवर मला तुझं काही ऐकू येत नाही आणि तुझी आई निरोप सांगताना निम्मं गाळते, म्हणून आपलं पत्रच बरं.

तू बनवलेली बिनड्रायव्हरची गाडी आमच्या रंगाच्या कारखान्यात आली. पिंपं उचलून स्वतःच गोदामात नेते. माझी कंबर तुला दुवा देते आहे. फक्त ती मागून आली की मला कळत नाही. घंटा वाजवते म्हणे. काल माझ्या पाळीतल्या कमलेशने दंड धरून ओढलं म्हणून वाचलो. आईला सांगू नकोस, आणि कंपनीत तर मुळीच नको. बहिऱ्या माणसाला घरी बसवतील, आणि घरी बसून मी करू काय?

तुझे बाबा

ठाणे, ९ ऑगस्ट

ती. बाबांना सा. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि रडले. ती घंटा मीच बसवली. तपासली ती आमच्या ऑफिसातल्या तरण्या पोरांवर. ज्या बापाला ऐकू येत नाही म्हणून मी पत्रं लिहिते, तो बाप तेव्हा माझ्या डोक्यातच नव्हता. रागवा माझ्यावर.

गाडीपुढे जमिनीवर उजेड पडेल आणि मनगटावर थरथरणारा पट्टा असेल, एवढं मी करू शकते. पण ते कोणासाठी, हे तुमच्या साहेबांना सांगावं लागेल. तुमचं नाव तुम्ही म्हणाल तेव्हाच घेईन. रंग दळणाऱ्या चक्कीशेजारी राबून कान गेले बाबा, त्यात तुम्ही लाजायचं काही नाही. तोवर गाडीच्या वाटेत उभे राहू नका.

माया आहे तशीच ठेवा.

तुमची चुकलेली क्षिप्रा

डोंबिवली, १४ ऑगस्ट

चि. क्षिप्रास आशीर्वाद.

रागवायचं राहूनच गेलं बघ. आज पाळीच्या आधी साहेबांनी गाडीबद्दल कोणाची तक्रार आहे का विचारलं. कमलेशने मला खुणेने सांगितलं. मी उभा राहिलो आणि कानाकडे बोट दाखवून मला ऐकू येत नाही, हे सगळ्यांसमोर सांगून टाकलं.

मग चक्कीवरच्या धम्मपालने हात वर केला. मग तिथल्याच आणखी काही जणांनी. मग साहेबांनी फळ्यावर लिहिलं, आम्हाला कळावं म्हणून: कोणालाही घरी बसवणार नाही, आणि सुधारलेली गाडी आधी याच लोकांनी तपासायची. तेव्हा पट्टे घेऊन तू स्वतः ये.

इतकी वर्षं मी धम्मपालला शिष्ट समजत होतो, हाक मारली तरी वळून बघायचा नाही. त्यालाही माझ्याबद्दल तेच वाटत होतं. सुटल्यावर दोघं टपरीवर गेलो. कोण काय बोललं ते फारसं कळलं नाही, पण खूप वेळ बसलो.

तुझे बाबा