धनजची जर्मन

४ जून १९४०, मंगरूळपीर

गोपीचंदनं घर सोडायला सांगितलं. "डाक्टरसाब, लोक म्हणतात मी जर्मनले घरात ठेवून राह्यलो." ह्याच्याच बायकोला मार्चमध्ये आम्ही दोघांनी मरणाच्या दारातून ओढून आणलं — डॉक्टरांनी अन् मी, त्यांची नर्स अन् बायको! आणि डॉक्टर कसले जर्मन? व्हिएन्नाचे ज्यू. जर्मनांनीच व्हिएन्ना गिळलं, दवाखाना फोडला, म्हणून जीव घेऊन इकडे आले. सांगून सांगून तोंड दुखलं!

५ जून

सामान हलवलं. दर्ग्यामागे दोन खोल्या. मालकीण नानीबाई म्हणाली, "मले काय जर्मन अन् काय फर्मन! कवाड उघडं ठेवू नका म्हंजे झालं."

६ जून

ठाण्यात गेलो. परदेशी माणसानं घर बदललं की चोवीस तासांत वर्दी द्यायची — लढाईपासूनचा नियम. फौजदारानं परदेशी लोकांच्या वहीत डॉक्टरांचं लिहून घेतलं. मग माझ्याकडे वळून, "बाई, तुमचे कागद?"

मी हसलेच. "मी धनजच्या पुंजाजीची पोरगी. मले कागद कायले?"

"नवरा जर्मन, तर बायको जर्मन. लग्न झालं त्याच दिवशी तुमी परदेशी झाल्या. कायदा हाय."

जन्मगाव — धनज. राष्ट्रीयत्व — जर्मन. एकाच कागदावर! वर अंगठा घेतला. सही येते म्हटलं तरी!

७ जून

ह्याच पानावर पाच वेळा सही करून पाहिली. येते मला!

१० जून

पुन्हा बोलावणं! 'दर्ग्यामागे, नानीबाईचं घर' हा म्हणे पत्ताच नव्हे, घराचा नंबर पाहिजे. ह्या गल्लीत नंबर आहे कुणाच्या घराला? डॉक्टर त्यांच्या मराठीत म्हणाले, "पंचफुला, काहून रागावते? कागद आहे फक्त."

"तुमाले सवय झाली! मले नाही!"

चेहरा उतरला त्यांचा. त्यांच्या आईचं पत्र नऊ महिने आलेलं नाही. असं बोलायला नको होतं मी.

१५ जून

बाबा आले! लग्नानंतर पहिल्यांदा. उंबऱ्याच्या बाहेरच उभे राहिले.

"अकोल्याले अर्ज देल्ला. तुयं नाव त्या वहीतून काढतीन. पोरगी माही हाय, सरकारची नाही."

रडूच कोसळलं. मग विचारलं, "अन् यांचं?"

बाबांनी पाठ फिरवली. पाणीसुद्धा न पिता गेले.

२३ जून

हुकूम आला. परवा डॉक्टरांना नजरकैदेत, घाटावरच्या किल्ल्यातल्या छावणीत नेणार, लढाई संपेपर्यंत. फौजदारानं दुसरा कागद पुढे केला. "बाई, वडलांचा अर्ज मंजूर झाला. सही करा, सुटल्या तुमी. छावणीत फक्त जर्मन बायकाच नवऱ्यासंग जातात."

बाबांची वाकडीतिकडी सही होती अर्जाखाली. तिच्यावरून बोट फिरवलं अन् कागद परत सरकवला.

मग म्हटलं, "तुमची वही काढा. लिहा — घर बदललं. नवा पत्ता, किल्ल्यावरची छावणी. दोघं."