आत्याचं कवन दहावीच्या वर्गात

सान रोके दे ला पेन्या,
रविवार, चर्चात मिस्सा आटोपल्यावर

आदरणीय आणि लाडक्या ओब्दुलिया आत्या,

तुझ्या नोहेमीचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? तुंहा शहरात या दिवसांत हाडं गोठवणारी थंडी असते, तेव्हा लोकरीचं दुकान जरा उशिरा उघडत जा, आणि दुकानातली एक लोकरीची रुआना स्वतःच्या खांद्यावरही टाकत जा (विकणाऱ्यानं वापरू नये असं कुठं लिहिलेलं नाही). मी फोन केला असता, पण तू तो बिस्किटांच्या डब्यात ठेवतेस हे शेजारीण सांगत होती. म्हणून हे पत्र. बसून वाच. एका ठिकाणी तू उठून उभी राहशील, तिथे पुन्हा बस.

आधी आभार मानते, कारण माझी नोकरी आज शाबूत आहे ती तुझ्यामुळे. तू म्हणशील, मी काय केलं? तू काहीच केलं नाहीस. मी केलं, तुझ्या नावावर. म्हणजे नाव न घेता. सांगते.

दहावीला मी वाङ्मय आणि संस्कृती शिकवते हे तुला ठाऊक आहे. पाठ्यपुस्तक एवढं जाड की वर्गाचं दार वाऱ्यानं लागू नये म्हणून आम्ही तेच लावतो. त्यात आपल्या भाषेचं सगळं जग आहे म्हणतात. पंखे आहेत, बैलांच्या झुंजी आहेत, समुद्रापलीकडचे किल्ले आहेत. आमच्या डोंगराबद्दल, बटाट्याबद्दल, गुळपाण्याबद्दल चकार शब्द नाही. येइमी नावाची मुलगी पहिल्याच आठवड्यात उभी राहून म्हणाली, "बाई, या पुस्तकात आपण कुठल्या पानावर आहोत?" मी उत्साहानं अनुक्रमणिका काढली, मग शेवटची सूची काढली, आणि मग तास संपल्याची घंटा झाली (घंटेचे त्या दिवशी फार उपकार झाले). पुढच्या तासाला वाटलं, जुनं तलवारीचं नाटक करून दाखवावं, म्हणजे मुलं जागी होतील. मानासाठी लढणारा सरदार मीच झाले. झाडूची तलवार केली आणि पहिल्याच वारात वर्गातली ट्यूबलाइट फोडली. मुलं जागी झाली, पण मुख्याध्यापिका क्लेमेन्सियाबाईही जाग्या झाल्या.

त्यांचं आधीपासूनच मत होतं की वाङ्मयाचा तास बंद करून त्या जागी उद्योजकता शिकवावी. आणि त्यांच्यामागे पालक मंडळाचे अध्यक्ष खंबीर उभे होते. त्यांना अठ्ठावीस गाई आहेत, चीजचा धंदा आहे आणि कवितेचा मनस्वी राग आहे. प्रत्येक सभेत ते म्हणत, "कवितेनं कुणाचं भलं झालंय? माझं तर वाटोळंच झालं." सगळे हसत. मीही हसले होते. त्यांचं नाव मी अजून लिहिलेलं नाही, आत्या. मुद्दामच.

शुक्रवारी मंडळाची बैठक आणि त्यात तासाचा निकाल, असं ठरलं. सोमवारी मी पुस्तक दाराशीच ठेवलं आणि मुलांना म्हटलं, चला, आपल्या मातीतलं वाङ्मय शिकू. आपल्याकडे एकानं कवन टाकलं की दुसऱ्यानं जवाब द्यायचाच, नाही दिला तर तो हरला. ओळी चार, दर ओळीला अक्षरं आठ. उदाहरण द्यायला म्हणून फळ्याकडे वळले आणि डोकं रिकामं. मग एकदम आठवलं, तू लोकर पिंजताना जे गुणगुणायचीस ते. लिहून टाकलं:

जत्रेला नेतो म्हणाला,
वेशीत शिणले पाय;
नवरा बसे गोठ्यात,
नवरी ती काळी गाय!

खाली लिहिलं, "कवी अज्ञात." वर्ग असा हसला की काय सांगू! मागच्या बाकावरचा ब्रेइनेर, जो जून महिन्यापासून झोपलेला होता, त्यानं अक्षरं बोटांवर मोजली आणि बरोब्बर आठ भरली म्हणून टाळी वाजवली. सगळ्यांनी पाठ केलं. येइमीनं तर घरी जाऊन दूध काढता काढता मोठ्यानं म्हटलं. गोठ्यात तिचे चुलत आजोबा होते. त्यांच्या हातातून दुधानं भरलेली बादली पडली.

(इथे तू उभी राहिलीस ना? बस.)

होय, ते आजोबा म्हणजे सेन्योर हेर्मोहेनेस. अध्यक्ष तेच. मला खरंच माहीत नव्हतं, आत्या. त्या कवनातला माणूस जिवंत आहे, इथे आहे, आणि माझ्या नोकरीचा कागद त्याच्या सहीवाचून पुढं सरकत नाही, हे तू मला कधी सांगितलंस? तू फक्त म्हणायचीस की तो एक गाढव होता. गाढवं इथे पुष्कळ आहेत.

दुसऱ्या दिवशी ते वर्गात आले. डोक्यावर हॅट, हातात काठी, मागे धापा टाकत क्लेमेन्सियाबाई. दारातल्या पुस्तकाला अडखळले, त्यामुळे राग दुप्पट झाला.

"हे कुणी लिहिलंय?" त्यांनी फळ्यावर काठी आपटली.

"अज्ञात कवी, सेन्योर," मी म्हटलं. माझा आवाज उंदराएवढा.

"अज्ञात? मी उशिरा पोचलो, तर त्या अज्ञातानं भर जत्रेत माझ्या अंगावर मक्याच्या दारूचा घडा ओतला होता! सगळ्या गावादेखत!"

क्लेमेन्सियाबाई लगेच म्हणाल्या, "पाहिलंत? म्हणूनच मी म्हणते, हा तास बंदच करा." मला वाटलं, संपलं. पेटी भरावी आणि तुझ्याकडे येऊन लोकर पिंजावी. तेवढ्यात येइमी उठली आणि म्हणाली, "आजोबा, ओरडून काय होणार? बाईंनी सांगितलंय, सवालाला जवाब द्यायचा असतो. नाहीतर तुम्ही हरलात."

म्हाताऱ्यानं हॅट काढून टेबलावर ठेवली, खडू घेतला, आणि जराही न अडता लिहिलं. त्या क्षणी सुचलेलं ते नव्हतंच, आत्या. ते कधीचं तयार होतं.

अडली जत्रेच्या दिशी,
पोटात वाकडा पाय;
एक रुसून गेली बाई,
थांबली ती फक्त गाय!

खरं सांग, गाय विताना अडली होती हे तुला ठाऊक होतं का? मला वाटतं नव्हतं. ते निरोप पाठवू शकले असते हेही खरं (मी तुझ्याच बाजूनं आहे, गैरसमज नको).

पहिला बोलला तो ब्रेइनेर. "आजोबा, तिसऱ्या ओळीत नऊ झाली. 'बाई' काढून टाका आणि दुसरं काहीतरी घाला."

हेर्मोहेनेस त्याच्याकडे वळले. मला वाटलं काठी बसणार. पण ते हळूच म्हणाले, "पोरा, इतकी वर्षं डोक्यातून काढता आली नाही, ती ओळीतून कशी काढू?"

आत्या, मी शिक्षिका आहे, मला रडता येत नाही, म्हणून मी फळ्याचा कोपरा पुसत राहिले. तोवर वर्गात दोन तट पडले होते. मुली तुझ्या बाजूनं, मुलं गाईच्या. प्रत्येकाला कवन सुचत होतं, आणि बहुतेक सगळ्यांची अक्षरं चुकत होती. क्लेमेन्सियाबाई मुलींच्या बाकावर बसून "निरोप" ला यमक शोधत होत्या, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

शुक्रवारच्या बैठकीत उद्योजकतेचा विषय निघाल्यावर अध्यक्षांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "वाङ्मयाचा तास चालू राहील. माझं प्रकरण तिथे अजून निकाली निघालेलं नाही." कुणी हसलं नाही. ठराव मंजूर झाला.

तेव्हा आत्या, तू मला लहानपणी लोकरीच्या ढिगावर बसवून जे जे ऐकवलंस, त्या सगळ्याबद्दल मनापासून आभार. पगार मिळतो तो मला, पण शिकवतेस तूच.

तुझीच,
नोहेमी

ता. क. तास फक्त या सत्रापुरता मंजूर झाला आहे. प्रकरण चालू राहिलं तरच पुढे वाढेल. वर्ग तुझ्या जवाबाची वाट बघतोय. आठ अक्षरं, नऊ नाहीत. ब्रेइनेर सोडणार नाही. आणि कृपा करून लगेच गोड काही लिहू नकोस, निदान परीक्षेपर्यंत तरी भांडण टिकव.

ता. क. २. हे पत्र मी टपालानं पाठवलेलं नाही. आपणच नेऊन देतो म्हणाले, टपालावर त्यांचा भरवसा नाही. तेव्हा हे पाकीट तुझ्या हातात देऊन जो माणूस दुकानासमोर हॅट फिरवत उभा आहे, त्याला आत घे. चीज माझ्याकडून आहे असं तो सांगेल. माझ्याकडून नाही.

ता. क. ३. परतीची शेवटची बस साडेपाचला सुटते, हे मी त्यांना दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा म्हणाले, हल्ली नीट ऐकू येत नाही.