बार उडवण्याआधी

आबा,

मी चार दिवसांच्या सुट्टीवर धावड्याला आलेय. काल टेंभुर्णीहून येताना तुम्ही खोदलेली एक विहीर रस्त्यावरून दिसली आणि मी गाडी थांबवायला लावली. भोवती आता मोसंबीची बाग आहे. वाकून पाहिलं तर चांगलं पाणी होतं, आणि पाण्याच्या वर काळ्या खडकात सुरुंगासाठी तुम्ही पाडलेली भोकं अजून दिसतात, अर्धी फुटलेली, एका ओळीत. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. मी नेमकं काय काम करते हे तुम्हाला नीट सांगायचं राहूनच गेलं, ते आज लिहून काढते.

त्या विहिरीचं काम चाललं होतं तेव्हा मी दहा वर्षांची होते. उन्हाळ्याची सुट्टी होती, मी तुमची भाकर घेऊन आले होते. सुरुंग भरून तुम्ही वर आलात आणि लाल फडकं हलवत चारही बाजूंना ओरडलात, "बार हाय, लांब व्हा." मजूर लिंबाआड बसलेत, मालक मातीच्या ढिगामागं उभा आहे, आणि वात पेटवायला वाकलेले तुम्ही तसेच थांबता. पलीकडच्या बांधावर तुम्हाला काहीतरी हललेलं दिसतं. मालक म्हणतो, "अरे, उडव की जल्दी. कोनी न्हाई तिकडं." तुम्ही शेताचा तो अख्खा तुकडा उन्हात चालत जाता आणि चालत परत येता. बाभळीला कुणाचं तरी फाटकं लुगडं अडकलं होतं. "बाभळीला भ्यालास का?" मालक हसला, मजूर हसले, मीही हसले. तुम्ही एवढंच म्हणालात, "बाभळच व्हती, हे आता कळलं. मघाशी कळत न्हवतं." मग बार उडाला. दगड भलत्याच बाजूला पडले, बांधाकडं एकही गेला नाही.

घरी जाताना तुम्ही विचारलंत, "तू का हसलीस?" मग तुम्हीच म्हणालात, "मालकाला हसू दे, त्याला विहिरीची घाई हाय. तिथं एखादी बाई असती मंग?" आवाज चढला नव्हता, तरी घर येईपर्यंत मी मान वर केली नाही.

पुढं कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकायला लागले तेव्हा तुम्हाला सांगितलं होतं, की आपल्याकडचा हा काळा दगड म्हणजे फार पूर्वी जमिनीतून वर आलेला तापलेला रस आहे, थिजलेला. तुम्ही भाकरी मोडता मोडता थांबलात. "म्हंजे इतकी वर्सं मी आगच फोडून राह्यलो का?" मी म्हटलं, थंड झालेली. "मंग बरं झालं, आपण उशिरा आलो," असं म्हणून तुम्ही आईकडं आणखी कोरड्यास मागितलं. त्या दिवसाइतकं मनापासून हसताना मी तुम्हाला क्वचितच पाहिलं.

आबा, माझी नोकरी त्याच आगीवर लक्ष ठेवायची आहे, फक्त ती अजून थंड झालेली नाही. अंदमानच्या समुद्रात एक ओसाड बेट आहे, तिथला ज्वालामुखी जिवंत आहे. बेटावर कुणी राहत नाही, पण आसपास मासेमारीच्या बोटी जातात, वरून विमानं जातात. जमिनीची थरथर यंत्रावर रेघ होऊन उमटते, उपग्रहावरून डोंगराची धग दिसते. दोन्ही वाढायला लागली की सरकारतर्फे आम्ही इशारा द्यायचा. मागच्या हिवाळ्यात एका सकाळी रेघ जाड व्हायला लागली. दुपारपर्यंत धगही वाढली. साहेब प्रवासात होते, फोन लागत नव्हता, आणि त्या बाजूला अकरा बोटी गेल्या होत्या. सहीचा अधिकार माझ्याकडं होता. मी इशाऱ्यावर सही केली. बोटी परत फिरल्या. दोन दिवस बेटाच्या वाटेला कुणी गेलं नाही. तिसऱ्या दिवशी थरथर आपोआप थांबली. राख नाही, धूर नाही, काही नाही.

नंतरच्या बैठकीत एका अधिकाऱ्यानं विचारलं, "मॅडम, मग लोकांना उगाच घाबरवलं म्हणायचं का?" मी म्हटलं, "काही होणार नव्हतं हे आज कळतंय, सर. त्या दुपारी कळत नव्हतं." बोलून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की हे वाक्य माझं नाही. साहेबांनी दुपारभर बसून सगळ्या नोंदी वाचल्या आणि म्हणाले, "मीही हेच केलं असतं." बोटवाल्यांचा पुढारी मात्र फोनवर फार रागावला होता. त्याचं मी ऐकून घेतलं, वाद घातला नाही. महिन्याभरानं त्याचाच पुन्हा फोन आला. मला वाटलं, अजून काही बोलायचं राहिलंय. तर तो म्हणाला, "मॅडम, उद्या तिकडं निघतोय. जाऊ ना?" मी नोंदी पाहिल्या आणि म्हटलं, जा. आता तिकडं निघण्याआधी तो दर खेपेला विचारतो. या नोकरीत मला याहून मोठं काही मिळालेलं नाही, आणि मी सुखात आहे, आबा.

हे पत्र कुठं पाठवायचं नाहीच. एक मात्र कबूल करायचंय. ऑफिसात कुणी विचारलं, वडील काय करायचे, की मी इतकी वर्षं "शेती" असं सांगत आले. आपल्याला गुंठाभरही जमीन नव्हती. तुम्हाला वाचता येत नव्हतं, माझी हॉस्टेलवरची पत्रं आई तुम्हाला वाचून दाखवायची. तुम्ही असता आणि हे पत्र मला वाचून दाखवावं लागलं असतं, तर 'शेती'च्या या ओळी तेवढ्या मी गाळल्या असत्या.