भाऊबीजेपर्यंत इंजिन

१५ जून २०२५, रविवार
नवी वही, नवं काम. आज शौनक, म्हणजे माझ्या बायकोचा, विजयाचा, धाकटा भाऊ, त्याची लाल स्टॉर्म आमच्या पोर्चमध्ये लावून गेला. दोन सीटची, उघड्या टपाची, जुनी स्पोर्ट्स कार. अख्ख्या सावेडीत दुसरी नाही. जरा निळा धूर सोडते. शौनक म्हणाला, भावोजी, थोडं तेल जळतंय, तेवढं बघून द्या. मी म्हणालो, तेवढंच कशाला, अख्खं इंजिन उघडू, शोरूमसारखं करू. तो म्हणाला, नको हो, चालतेय तशी बरी आहे. लोकांना स्वतःचं हित कळत नाही. शेवटी हो म्हणाला.

त्याच्या डोळ्यांचं जरा नाजूक आहे. बाजूचं दिसणं कमी होत चाललंय, अंधारात तर काहीच नाही. डॉक्टर म्हणाले, दिवाळीपर्यंत दिवसा, मोकळ्या रस्त्यावर चालवा, पण मधे ऑक्टोबरात एकदा दाखवून जा. त्याला भाऊबीजेला गाडी घेऊन पुणतांब्याला जायचंय, आजोळी, गोदावरीच्या घाटावर. दुसऱ्या सीटवर अर्थात मी. इंजिनाचा जाणकार सोबत लागतोच.

बँकेतून व्हीआरएस घेतल्यापासून लोक विचारत होते, आता काय करणार. आता बघा म्हणावं.

६ जुलै, रविवार
इंजिन उतरवलं. पोर्चमध्ये स्टँडवर चढवलं. चार व्हिडिओ बघितले होते, त्यातला एक रशियन होता. तरी समजला. मशीनला भाषा नसते.

विजयानं विचारलं, जोडता येईल ना परत? काही प्रश्नांना उत्तर देऊ नये.

इंजिनाचा ब्लॉक एमआयडीसीत रंभाजीच्या लेथवर बोअरिंगला, म्हणजे सिलिंडर आतून कातून घ्यायला, टाकला. आठवड्यात देतो म्हणाला.

२७ जुलै, रविवार
ब्लॉक आला नाही. रंभाजी घोडेगावच्या बाजाराला गेला, म्हैस बघायला. म्हैस पसंत पडेना, म्हणून परत गेला. फोनवर म्हणतो, सायेब, घाई करू नका, म्हशीचं आन इंजिनाचं घाईत करू न्हाई. मला पटलं.

शौनक येऊन गेला. म्हणाला, भाऊबीज लांब आहे, गणपतीतच जाऊन येऊ का? डोळ्यांचा काही भरवसा वाटत नाही. मी म्हणालो, गणपतीला गाडी तयार. शब्द म्हणजे शब्द. मी गॉगल आणि कॅप घेऊन ठेवली आहे.

२७ ऑगस्ट, गणेश चतुर्थी
ब्लॉक आलाय. पिस्टन, रिंगा सगळं आलंय. जोडायला फार वेळ लागला नसता. पण वरच्या कव्हरचा रंग! बाप्पा घरात आणि इंजिनावर खरवडलेला रंग, हे मनाला पटेना. रंग काढला, घासला, नवा मारला. सुकताना त्यावर डास बसला. परत काढला.

शौनक मोदक खायला आला होता. मी त्याला दोन नमुने दाखवले, लाल आणि मरून, कोणता? तो म्हणाला, भावोजी, मला संध्याकाळी दोन्ही सारखेच दिसतात. त्याला रंगांची जाण पहिल्यापासून कमीच. मरून ठरवला.

जाताना गेटच्या खांबाला खांदा आपटला त्याचा. विजया आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

६ सप्टेंबर, शनिवार, रात्री
झालं! विसर्जनाचा धिंगाणा बाहेर चालू असताना मी आत शेवटचा बोल्ट आवळला. इंजिन पूर्ण जोडून तयार. रंभाजी बघायला आला होता. हात जोडून म्हणाला, सायेब, ह्यो इंजिन न्हाई, ह्यो देव्हारा हाय! सेल्फी काढला. म्हणाला, उद्या इंजिन उचलायला चेन-पुली घेऊन येतो, बसवून टाकू गाडीत, सुरू करून बघू.

पण उद्या ग्रहण. आणि लगेच पितृपक्ष. पितृपक्षात नवं इंजिन सुरू करायचं? आमच्या घरात पितृपक्षात कोणी नवा टॉवेलसुद्धा काढत नाही. विजया म्हणाली, हे नवं कुठे आहे, जुन्याच गाडीचं आहे, करा सुरू. म्हणाली, शौनकला रोज डोळ्यांचं विचारवत नाहीये मला. मी म्हणालो, श्रद्धेचा विषय आहे. थेट दसऱ्याला, मुहूर्तावर. तोवर स्टँडवर शांत राहू दे.

१४ सप्टेंबर, रविवार
इंजिन स्टँडवर शांत आहे. मी नाही. रोज सकाळी चहा घेऊन समोर बसतो. वरून चकाचक, पण आतलं आठवतं. क्रँकची, म्हणजे आतल्या फिरत्या दांड्याची बेअरिंगं, त्या अर्धगोल पातळ पट्ट्या, राखाडी, मळकट अशा बसवल्या होत्या. दिसत नाहीत, पण मला माहीत आहे ना! अपुरं काम झोपू देत नाही.

विचार चालू आहे. उघडणार नाही.

२० सप्टेंबर, शनिवार
उघडलं.

घटस्थापना परवावर आली. विजयानं सकाळपासून देवाची भांडी अंगणात मांडली होती. समई, तांब्या, ताम्हण, सगळं त्या लिंबाच्या वासाच्या पावडरीनं घासून उन्हात ठेवलेलं. ताम्हणात तोंड दिसत होतं. माझ्या डोक्यात एकदम लख्ख प्रकाश पडला. खालचं तेलाचं चेंबर काढलं, बेअरिंगं काढली, तीच पावडर घेऊन ओल्या फडक्यानं घासली. मळ असा निघाला म्हणता! काळंकुट्ट पाणी. आणि खालून काय चमक! आरशासारख्या पट्ट्या. कोणत्याही व्हिडिओत हे नाही. हे फक्त आपल्याकडे सुचू शकतं. परत बसवताना जराशा सैल वाटल्या, पण स्वच्छ वस्तू हाताला हलकीच लागते.

विजयानं विचारलं, पावडरीचा डबा रिकामा कसा झाला? म्हणालो, घरात स्वच्छता चालली की संपायचीच.

२८ सप्टेंबर, रविवार
इंजिन गाडीत बसलं. शौनकला बोलावून बॉनेट उघडून दाखवलं. मरून कव्हर, क्रोमचे नट, पाईपांना नव्या क्लिपा. तो वाकला, बोटं फिरवली. म्हणाला, गुळगुळीत लागतंय. मग लगेच, सुरू कधी करायचं? लोकांना कौतुक करताच येत नाही.

आणखी एक. विजया बोलता बोलता म्हणाली की भाऊबीजेला ती शेजारी बसणार. मी म्हणालो, दोनच सीट आहेत. ती म्हणाली, म्हणूनच. भाऊबीज आहे, भाऊ-भावोजीबीज नाही.

कॅप कपाटात ठेवली.

२ ऑक्टोबर, दसरा
झेंडूची माळ, नारळ, चाकाखाली लिंबू. शौनक स्टिअरिंगवर. अंगात नवा शर्ट होता त्याच्या. पहिल्याच सेल्फला इंजिन उठलं! धूर नावाला नाही. माझ्या अंगावर काटा आला. विजयाच्या डोळ्यांत पाणी. तिनं गाडीला ओवाळलं, मग भावाला ओवाळलं. शौनक मोठ्यानं हसला. किती महिन्यांनी हसला, मलाच खरं वाटेना.

गेटबाहेर काढून चौकाकडे निघालो, मी शेजारी, चाचणीपुरता. हात अगदी सराईत होता त्याचा. वाटेत तो म्हणाला, भावोजी, आत काहीतरी ठोकतंय, बंद करू का? मी म्हणालो, अरे नवं आहे, मोकळं होतंय, रेस दे. त्यानं दिली. प्रोफेसर कॉलनी चौकात एक कर्रर्र आवाज आला आणि इंजिन जाम. जागच्या जागी. मागचे हॉर्न वाजवायला लागले. सोनं वाटत फिरणाऱ्या चार जणांनी ढकलत घरी आणलं. एक म्हणाला, काका, गाडी लई भारी हाय, चालत न्हाई एवढंच.

शौनक आपट्याची पानं तशीच हातात धरून बसला होता.

५ ऑक्टोबर, रविवार
चेंबर उघडलं. बेअरिंगं फाटून क्रँकला चिकटली आहेत. क्रँकवर बोट जाईल असे ओरखडे. तेलात पिवळट रवाळ काहीतरी. पूजेची हळद आत गेली असावी. आमच्याकडे हळद फार सढळ हातानं वापरतात, हे मी लग्नापासून सांगतोय.

विजया आली, तेलात बोट बुडवलं, चोळलं, वास घेतला. म्हणाली, लिंबाचा वास येतोय. ही माझी भांड्यांची पावडर आहे. मी म्हणालो, शक्य नाही, फार धुतलं होतं. तिनं बोट फडक्याला पुसलं. मग म्हणाली, तो जूनमध्ये ही गाडी चालवत आणून गेला होता हो. थोडा धूर होता, एवढंच.

रात्री जेवायला वाढलं, पण समोर बसली नाही.

रंभाजी म्हणतो, क्रँक नवा लागंल, मिळंल का न्हाई सांगता येत न्हाई. मी ठरवलंय, मिळवणारच. भाऊबीजेपर्यंत गाडी रस्त्यावर. पुणे, मुंबई, गोवा, सगळीकडे फोन लावणार. उद्यापासून.

१४ ऑक्टोबर, मंगळवार
क्रँक नाही. गोव्यातला एक जण म्हणाला, बघतो. तो बघतोय.

शौनकची तपासणी झाली. विजया बरोबर गेली होती. येऊन खुर्चीत नुसती बसली, पायातल्या चपलासुद्धा काढल्या नाहीत. डॉक्टरांनी गाडी चालवणं बंद सांगितलं. आजपासून. दिवसासुद्धा नाही.

मी म्हणालो, पुण्यात दुसऱ्या डॉक्टरांना दाखवू. ती म्हणाली, तुम्ही आता काहीही दाखवू नका.

१९ ऑक्टोबर, रविवार
शिर्डी रोडवर एक मोठा ढाबा आहे, त्याचा मालक पंकज म्हणून गाडी बघायला आला. शौनकनंच पाठवला. दारासमोर ठेवायची म्हणतो, गिऱ्हाईकं फोटो काढतील. मी प्रामाणिकपणे सांगितलं, इंजिन जाम आहे. तो म्हणाला, बरंच हाय की, कोनी चालू करून पळवनार न्हाई. मग बॉनेट उघडून बघतच राहिला. म्हणाला, काय काम केलंय हो काका, एक नंबर! बॉनेट उघडंच ठेवू, वर लाईट लावू.

एवढ्या महिन्यांत, रंभाजी सोडला तर, मनापासून कौतुक करणारा पहिला माणूस. मला तिथे उभं राहवेना.

शौनकला फोन केला. क्रँक मिळाला तर गाडी परत उभी करतो म्हणालो, विकू नकोस. तो म्हणाला, कोणासाठी भावोजी? रागानं नाही म्हणाला. रागानं म्हणाला असता तर बरं झालं असतं. मी भांडलो तरी असतो.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज
दोघं सकाळच्या एसटीनं पुणतांब्याला गेले. मी स्टँडवर सोडायला गेलो. कोणी बोलावलं नव्हतं, पिशवी धरायला गेलो. विजयानं सकाळी चहा दिला होता, तेवढंच आमचं बोलणं.

बस लागली. शौनकला पायरीचा अंदाज आला नाही, अडखळला. मी बाजूनं हात पुढे केला. त्याला तो दिसला नाही. विजयानं दंडाला धरून वर घेतलं, खिडकीशी बसवलं. मी खाली उभा राहून हात करत होतो. ती म्हणाली असावी काहीतरी, कारण त्यानं मान पूर्ण वळवली, मला शोधलं आणि हसून हात केला. माझ्या जरा डावीकडे.

माझ्या मेहुण्याचं आयुष्यातलं शेवटचं गाडी चालवणं मी प्रोफेसर कॉलनी चौकापर्यंतच होऊ दिलं. हे मी लिहिलं. हळद नव्हती ती.

घरी आलो. उद्या पंकजचा टेम्पो गाडी न्यायला येणार, म्हणून फडकं घेऊन बॉनेट उघडलं. पुसायला काही नव्हतं. सगळं लख्ख होतं. फडकं हातात घेऊन तसाच उभा राहिलो आणि मग रडू आलं.