मागून नेलेला हिरवा डबा

तीर्थस्वरूप शिवलिंगमामांस,

नांदूरघाटहून आपला जावई सिद्धाराम याचे शरणार्थ. मामींचे गुडघे आता कसे आहेत? धर्मापुरीला नळ किती दिवसांनी येतो? (आमच्याकडे आठव्या दिवशी. पुढे या गोष्टीला महत्त्व आहे, म्हणून आधीच लिहिले.) फोनच केला असता, पण तुम्हाला हळू बोललेले ऐकू येत नाही आणि मोठ्याने बोललेले आमच्या आईला ऐकू येते.

कावेरी माहेरी येऊन दोन महिने चार दिवस झाले. ताप उतरल्यावर विश्रांतीला आली, असे तिने तुम्हाला सांगितले असेल. खरे कारण कचऱ्याचा डबा आहे.

ग्रामपंचायतीने घरोघरी दोन डबे वाटले, ओल्या कचऱ्याला हिरवा आणि सुक्याला निळा. कावेरीने मला बजावले की डबा रोज रिकामा करून धुवायचा, नाहीतर माश्या आधी त्याच्यावर बसतात आणि मग आपल्या भाकरीवर. मी हिरवा डबा राखेने घासला, मग साबणाने, मग लिंबाच्या फोडीने. (शाळा नववीपर्यंतच झाली, पण जे करतो ते नीट करतो.) माझी चूक एवढीच, की तो फार स्वच्छ झाला. आई म्हणाली, "एवढं चकचकीत भांडं, अन् त्यात घाण टाकायची? लोक हासतेल." तिने त्यात नळाचे पाणी भरले, निळ्यात ज्वारी ओतली, आणि कचरा पुन्हा मागच्या दारी फुटक्या घमेल्यात गेला. कावेरी मला म्हणाली, "अवो, तुमी तरी बोला की." मी तेव्हा दुकानात काड्यापेट्या रचत होतो. रचतच राहिलो.

डब्याला झाकण होते, पण त्यावर आई पापड वाळवत होती. आठ दिवस पाणी उघडे राहिले. आशाताई विमलबाईंनी बॅटरी मारून त्यातल्या वळवळणाऱ्या अळ्या दाखवल्या, तोवर कावेरीला डेंग्यूचा ताप चढला होता. केजला सलाईनजवळ तुम्हीच बसला होता, ते मी विसरलेलो नाही. निघताना ती एवढेच म्हणाली, "डब्यात कचरा पडंल, त्या दिवशी येते."

तेव्हापासून मी सकाळी पाणी घागरींत काढून डब्यात कचरा टाकतो आणि दुपारी आई तो काढून, डबा धुऊन, तेच पाणी परत भरते. शेवटी मी त्यावर पांढऱ्या रंगाने, पट्टी लावून, "ओला कचरा" असे लिहिले. अक्षर इतके देखणे आले की शेजारच्या हरिबाने नातवाच्या बारशाला तो डबा मठ्ठ्यासाठी मागून नेला. दोनशे माणसे "ओला कचरा" वाचून मठ्ठा प्याली. कुणी तक्रार केली नाही, उलट बरेच जण दुसऱ्यांदा मागत होते. फक्त विमलबाईंनी भर पंगतीत विचारले, "शिवम्मा, डब्यात मठ्ठा हाय, घमेल्यात कचरा हाय, मग सून कुठं हाय?" आई पानातला लाडू तसाच ठेवून घरी आली.

मामा, घरात करमत नाही. कावेरीने आरशामागे गुंतवळाची पुडी ठेवली आहे, केसांवर भांडी देणाऱ्या बाईसाठी. तापानंतर तिचे केस फार गळले, म्हणून पुडी मोठी झाली. परवा ती बाई आली, स्टीलची वाटी द्यायला तयार होती. मी नको म्हणालो. आई म्हणाली, "मग टाक तरी कचऱ्यात." पण कोणत्या डब्यात? केस भाजीच्या देठासारखे ओले नाहीत आणि कागदासारखे सुकेही वाटत नाहीत. पुडी हातात घेऊन मी हिरव्याकडून निळ्याकडे गेलो, परत आलो, आणि ती आरशामागे होती तशी ठेवली. रोज सकाळी दुकान उघडण्याआधी ती जागेवर आहे ना, एवढे पाहून जातो.

मामींना नमस्कार सांगावा. पत्रात कमीजास्त लिहिले असल्यास लहान समजून सोडून द्यावे.

आपला,
सिद्धाराम

ता. क. काल नळ आला. मी पाण्यासाठी झाकणाचे पिंप आणले. आईने हिरव्या डब्यातले पाणी कढीपत्त्याला घातले आणि त्यात कांद्याची सालं टाकली. मग म्हणाली, "कळव तिला."

ता. क. २. केस कोणत्या डब्यात टाकायचे, ते कावेरीला विचारावे. उत्तर लिहून पाठवू नये. तिने येऊन दाखवावे. सोमवारी मी स्टँडवर उभा आहे.

ता. क. ३. डब्यांबरोबर एक छापील कागद आला होता. त्यात केसांचेही लिहिले आहे, मी चार वेळा वाचले. हे तिला सांगू नये.