न घेतलेलं पाणी

आई, परवा शिरूरच्या महिला मंडळानं तुझ्याविषयी बोलायला मला बोलावलं होतं. तुझ्या फोटोखाली ‘या भागातल्या पहिल्या महिला जनसंपर्क अधिकारी’ असं लिहिलं होतं. साखर कारखान्यातल्या तुझ्या कामाचं मी सांगितलं. एकोणीसशे साठच्या आसपास इतर साहेब लोक चावडीवर सभा घेऊन परत फिरायचे. तू मात्र जीपमधून उतरून सरळ घरात शिरायचीस, चुलीपाशी बसायचीस आणि दिलेलं पाणी आधी घ्यायचीस. पाणी घेतलं की बायका बोलत्या होतात, म्हणायचीस. न्हावऱ्याच्या एका आबांनी विचारलं होतं, “बाई, नुसतं बोलायचा पगार देत्यात व्हय?” तू म्हणालीस, “बोलायचा नाही आबा, ऐकायचा.” यावर समोर बसलेले सगळे हसले.

ओढ्याचं मात्र मी सांगितलं नाही. कारखान्याचं मळीचं पाणी ओढ्यात यायचं. पाणी तपासलंय, अपाय नाही, असं साहेबांनी सांगितलं आणि तू तशा पत्रकावर सही केलीस. मग स्वतः ओढ्याकाठच्या वस्तीवर निघालीस. सुट्टी म्हणून मी बरोबर. एक म्हातारी ओढ्यातून तांब्या भरून आणते आणि तुझ्यापुढे ठेवते. “पत्रक पोरानं वाचून दावलं. पानी चांगलं हाय म्हनं. घ्या की मग. पाव्हनीला पानी बी देऊ न्हाई व्हय?” बाकीच्या तोंडाला पदर लावून बघतायत. तू तांब्या उचलतेस, वास घेतेस, खाली ठेवतेस. “मी पिणार नाही. तुम्हीही पिऊ नका. मी सही केली ते चुकीचं आहे.” म्हातारी एवढंच म्हणते, “आत्ता कळलं व्हय.”

थोड्याच दिवसांत नोकरी गेली, क्वार्टर गेलं. दौंडला एका खोलीत आलो. तिथे पाणी सार्वजनिक नळावरून आणावं लागे. शाळेतल्या मुली विचारायच्या, तुझ्या आईला काढून टाकलं ना? मला तुझी लाज वाटायची. एकदा हंडा उतरवताना मी म्हणाले, “एक घोट घेतला असतास तर मरणार होतीस का?” तू भाकरी थापत होतीस. मान वर न करता म्हणालीस, “मी नसते मेले. पण मी प्यायले असते, तर त्यांनी पोरांना पाजलं असतं.” त्यानंतर कितीतरी दिवस मी तुझ्याशी धड बोलले नाही.

परवा पुढच्या रांगेत कारखान्याची माणसं बसली होती. शाल त्यांनीच आणली होती. मी म्हणाले, “तब्येतीमुळे आईनं नोकरी सोडली.” आधी काही ठरवलं नव्हतं, पण वाक्य कुठे अडखळलं नाही. तुझ्या साहेबांना आवडलं असतं. घरी आल्यापासून लाज वाटतेय हे खरं, पण टाळ्या वाजत होत्या तेव्हा मला बरं वाटत होतं. तू असतीस तर हे मी तुला सांगितलं नसतं.