वसतिगृहाची बिनतारी तार

पंचे, सगळ्यात आधी आला तो बिदरचा सुनीलकुमार, फटफटीला साबणाच्या पेटीएवढा चपटा डबा बांधून. थांब, जयभीम राहिलाच की. तुला नि घरच्या सगळ्यांना चांगुणाअक्काचा जयभीम. तुझा गुडघा कसाय? माझा ठीक हाय, दिवसातनं तीनदा गच्ची चढायले, नि त्या चढण्यानंच सगळा घोळ झाला.

तर माझी नात प्रेरणा इथं बसवकल्याणला पोरींच्या वसतिगृहाची मॅडम झालीय, नि मी तिच्याकडंच ऱ्हायले, तुला ठाऊकच हाय. शाळा रस्त्याच्या अल्याड, वसतिगृह पल्याड. इंटरनेट येतंय शाळेत. तिथून वायर ओढली की उंच कडबा भरलेला ट्रॅक्टर येतो नि तोडून नेतो. (तीनदा नेली. ट्रॅक्टरवाल्याला पत्ताच नसतो, बिचारा गाणं म्हणत जायलाय.) संध्याकाळी गुलबर्ग्याचे सर कंप्युटरवरनं गणित शिकवतात, त्यासाठी पोरींना अंधारात रस्ता ओलांडावा लागतो. तुझ्या चिंताकी गावचा, तुझ्याच शेजारचा पिराप्पा अडून बसलाय की क्लास वसतिगृहात आला न्हाई तर पोरीला, भाग्यलक्ष्मीला, शनिवारी घरी नेतो. पोरगी गणितात लई हुशार, पंचे. घरी गेली की शेरडं राखील, दुसरं काय?

म्हणून प्रेरणानं ठरवलं, दोन्ही गच्च्यांवर तोंडासमोर तोंड करून यंत्रं लावायची, मधल्या हवेतनं सगळं जातंय म्हणे. यंत्र विकणाऱ्या सुनीलकुमारचा डबा लागला. मागनं दुसऱ्या कंपनीचं यंत्र घेऊन गुलबर्ग्याचा अमरदीप आला, त्याची पांढरी थाळी, आपल्या कणकीच्या परातीएवढी. (जेवायला बसला की भाकरी मागून खातो, मला आवडला.) संस्थेचे सेक्रेटरी गुरुपादय्या म्हणाले, दोन्ही आठवडाभर बघू, चालंल ते घेऊ, नि एकबी चालंना तर वसतिगृहातल्या क्लासच्या खोलीत तांदळाची पोती ठेवू.

आता गंमत बघ. सकाळी दोघं गच्चीवर उभे असले की दोन्ही यंत्रं झकास चालायची. ते गेले, दुपार झाली, की दोन्ही ठप्प. सुनीलकुमार म्हणायचा थाळी आडवी येतीया, अमरदीप म्हणायचा डब्यानंच घोळ केलाय. गुरुपादय्या तांदूळ मोजायला लागले. नि भाग्यलक्ष्मी पेटी भरून बसली.

मी मात्र माझं काम गुपचूप करायले. उन्हाळ्यात रांजणाला ओलं पोतं गुंडाळतो का न्हाई आपण? मग पाहुण्यांची एवढी महागाची चीज आमच्या गच्चीवर उघडी तापायलीय, मला बघवंना. रोज दुपारी दोन्हींना एकेक पोतं गुंडाळायचं नि बादलीभर पाणी मारायचं, चहाच्या वेळंला परत एकदा, नि रात्री काढून ठेवायचं, वास येऊ नये म्हणून. कुणाला सांगितलं न्हाई. सेवा काय सांगत फिरायची असती?

काल अमरदीप पाना इसरला नि भर दुपारी परत आला. मी बादली घेऊन उभी.

"आज्जी, हे काय करायलाव?"

"तापायलंय की रे. तू उन्हात टोपी घालतोस, ह्यानं काय घोडं मारलंय?"

तो गच्चीवरच खाली बसला. "आज्जी, ओल्या पोत्यातनं सिग्नल आरपार जात न्हाई. तोंडावर ओलं फडकं बांधून हाक मारायला लावलाव तुम्ही त्याला." मग हसायला लागला, नि खालनं प्रेरणा आली तर तीबी. मला वाटलं रागावंल, पण हसता हसता पदरानं डोळे पुसायली.

पोती काढली, दोन्ही चालली. मग अमरदीप आपणहून म्हणाला, "एवढ्याशा रस्त्याला सुनीलअण्णाचा डबाच पुरं. माझी थाळी लांबच्याला, ती ओढ्यापलीकडच्या नव्या ग्रंथालयाला घ्या." असा माणूस, पंचे. संध्याकाळी क्लास वसतिगृहात भरला, नि मीबी मागं बसून घेतलं. कळलं काय न्हाई, पण झोपबी आली न्हाई.

तुझी,
चांगुणाअक्का

ता. क. पत्र खरं ह्याच्यासाठी हाय. आजच्या आज पिराप्पाच्या घरी जा नि म्हण, शनिवारी येऊ नको. यंत्र नवं होतं म्हणून अडलं, असं सांग. पोत्याचं काढू नको.

ता. क. दुसरा. न्हाई, पोत्याचंच सांग. त्या पोरांच्या यंत्राला नावं कामून ठेवायची? हसू दे पिराप्पाला, हसला की त्याचा हेका मोडतो. नि सांग, डबा आत्ता सुतळीनं बांधलाय, लोखंडी खांब रोवायला दोघं शुक्रवारी येतो म्हणालेत.